एका मुळीचा जमाखर्च : औषधशास्त्रातील काही थोर संशोधक

आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात ताळेबंद, देणगीदारांची नामावली आणि विभागवार कामाचा आढावा असतो. त्यांच्या जोडीला वाचकांच्या उपयोगी पडेल असा एखादा अभ्यासलेख असावा, अशी विश्वस्त मंडळाची इच्छा असते. यंदा ही जबाबदारी आमच्यावर आली. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. औषधाच्या खरेदीचा, साठ्याचा आणि मुदतबाह्य मालाचा हिशेब आम्ही अनेक वर्षे पाहिला. पण औषध पोटात गेल्यावर काय करते, हा आमचा प्रांत नव्हे. तरीही औषधशास्त्र हाच विषय आम्ही निवडला, त्याला एक घटना कारणीभूत आहे. ती सांगताना संकोच वाटतो; परंतु केवळ यशाचीच नोंद करणारा अहवाल अपुरा राहतो.

आपल्या बाह्यरुग्ण विभागात एक वयस्कर गृहस्थ रक्तदाबासाठी नियमित येत असत. गोळी सुरू झाल्यावर पाय सुजतात, ही तक्रार त्यांनी औषधाच्या खिडकीवर दोनदा सांगितली. खिडकीवर गर्दी होती. ऐकणाऱ्याने ती ऐकली. पण केसपेपरवर ती उतरली नाही आणि डॉक्टरांपर्यंत पोहोचलीही नाही. गृहस्थांनी आपल्या मनानेच गोळी बंद केली. काही आठवड्यांनी त्यांना आपल्याच रुग्णवाहिकेतून आणावे लागले, तेव्हा उजवी बाजू लुळी पडली होती आणि वाचा गेली होती. नंतर आम्ही त्यांचा केसपेपर काढून पाहिला. त्यात गोळीचे नाव होते, मात्रा होती, तारखा होत्या. सुजलेल्या पायांविषयी एक अक्षरही नव्हते. ती तक्रार लिहिली गेली असती तर डॉक्टरांनी गोळी बदलून दिली असती, इतके साधे ते होते.

हिशेबाच्या भाषेत सांगायचे, तर त्या कागदावर जमेची बाजू होती आणि खर्चाची बाजू कोरी होती. पुढे औषधशास्त्राच्या इतिहासाचे वाचन करू लागलो, तेव्हा या शास्त्रातील थोर माणसांचे थोरपण बव्हंशी याच दोन बाजू प्रामाणिकपणे भरण्यात आहे, असे आमच्या ध्यानात आले. सर्पगंधा या एकाच वनस्पतीच्या निमित्ताने त्यांतील काहींची ओळख येथे करून देत आहोत.

शास्त्र कोणते?

प्रारंभी एक खुलासा आवश्यक आहे. औषध तयार कसे करावे, गोळी कशी बांधावी, हे सांगणारे शास्त्र निराळे. त्याला फार्मसी म्हणतात. औषध शरीरात गेल्यावर कोठे जाते, काय घडविते, किती मात्रेत हितकर ठरते आणि किती मात्रेत घातक, याचा शोध घेणारे शास्त्र म्हणजे फार्माकॉलॉजी, अर्थात औषधक्रियाशास्त्र. आपल्या औषधाच्या खिडकीमागे जे चालते ते पहिले; डॉक्टरांची चिठ्ठी लिहिली जाण्यापूर्वी जगात कोठेतरी जे घडून गेलेले असते ते दुसरे.

सर्पगंधेची मुळी भारतीय वैद्यांना फार पूर्वीपासून परिचित होती. सर्पदंश, ज्वर, निद्रानाश आणि उन्माद यांवर ती दिली जाई. बिहारकडे तर ती वेडावरचे औषध म्हणूनच विकली जाई. पाश्चात्त्य वनस्पतिशास्त्रात तिच्या जातिनामात ‘राउवोल्फिया’ हा शब्द आहे, तो सोळाव्या शतकातील लेओनहार्ट राउवोल्फ या जर्मन वैद्याच्या स्मरणार्थ. परंपरेने गुण सांगितला होता. तो कोणत्या घटकामुळे येतो, किती मात्रेत येतो आणि त्याची किंमत रुग्णाला कोणत्या रूपाने मोजावी लागते, हे प्रश्न मात्र शिल्लक होते.

पहिली नोंद : सेन आणि बोस

१९३१ मध्ये कोलकात्याचे डॉ. गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकात या मुळीवर निबंध प्रसिद्ध केला. मुळीच्या चूर्णाने उन्मादाचे रुग्ण शांत होतात, हे जुनेच होते. त्याच रुग्णांचा रक्तदाबही उतरतो, हे नवे होते. झोप आणण्यासाठी दिलेल्या औषधाचा रक्तदाबाशी संबंध असेल, अशी अपेक्षा कोणी केली नव्हती. अपेक्षा नसताना जे दिसले तेही त्यांनी लिहून ठेवले, एवढ्यावरून पुढचा सारा इतिहास सुरू झाला.

रसायनाचा शोध : डॉ. सलीमुझ्झमाँ सिद्दिकी

त्याच १९३१ साली दिल्लीच्या आयुर्वेदिक आणि युनानी तिब्बिया महाविद्यालयात डॉ. सलीमुझ्झमाँ सिद्दिकी या मुळीतील घटक वेगळे करण्यात गुंतले होते. जन्म १८९७ चा. उच्च शिक्षण जर्मनीत फ्रांकफुर्ट येथे. देशी औषधांचे आधुनिक रसायनशास्त्राच्या साहाय्याने संशोधन व्हावे, ही हकीम अजमल खान यांची तळमळ होती आणि तिच्यातूनच सिद्दिकी या कामाकडे वळले. हकीमसाहेब १९२७ मध्ये निवर्तले. सिद्दिकींनी मुळीतून वेगळ्या केलेल्या एका अल्कलॉइडला ‘अजमलीन’ हे नाव देऊन त्यांचे ऋण मान्य केले. पुढे अजमलीन हृदयाच्या अनियमित ठोक्यांवर उपयोगी ठरले. ब्रुगाडा नावाचा एक आनुवंशिक हृदयविकार ओळखण्यासाठी आजही काही देशांत त्याची चाचणी करतात.

सिद्दिकी १९५१ मध्ये पाकिस्तानात गेले, तेथील वैज्ञानिक संशोधनाची मोठी संस्था त्यांनी उभी केली आणि १९६१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे ते सदस्य झाले. १९९४ मध्ये कराचीत त्यांचे निधन झाले. दोन देशांत विभागलेल्या त्यांच्या कारकिर्दीचा पाया दिल्लीत याच मुळीवर रचला गेला होता. मात्र मुळीची शामक शक्ती त्यांनी वेगळ्या केलेल्या स्फटिकांत नव्हती. ती राळेसारख्या चिकट भागात दडून राहिली होती आणि तिची उकल होण्यास आणखी वीस वर्षे लागली.

मापाचा आग्रह : सर रामनाथ चोप्रा

भारतीय औषधशास्त्राचे जनक म्हणून ज्यांचा गौरव होतो ते सर रामनाथ चोप्रा (१८८२–१९७३) यांची कारकीर्द आम्हां व्यवस्थापनातील माणसांना विशेष जवळची वाटते. केंब्रिज येथे प्राध्यापक डिक्सन यांच्या हाताखाली त्यांनी या शास्त्राचे धडे घेतले. लष्करी वैद्यकीय सेवेत काम केल्यानंतर १९२१ मध्ये ते कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन येथे औषधशास्त्राचे प्राध्यापक झाले. देशी वनस्पतींचे गुण प्रयोगशाळेत तपासून घ्यावेत, सिद्ध होतील ते स्वीकारावेत आणि न होतील ते बाजूला ठेवावेत, हा त्यांचा आयुष्यभराचा परिपाठ होता. देशी औषधींवरील त्यांचा मोठा ग्रंथ १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी चोप्रा, गुप्ता आणि मुखर्जी यांनी सर्पगंधेतील घटकांमुळे प्राण्यांचा रक्तदाब उतरतो, हे प्रयोगाने दाखविले.

त्यांचे दुसरे कार्य प्रयोगशाळेबाहेरचे. त्या काळी बाजारात भेसळीची आणि निकृष्ट औषधे सर्रास विकली जात. १९३० मध्ये नेमलेल्या औषध चौकशी समितीचे चोप्रा अध्यक्ष होते. समितीचा अहवाल १९३१ मध्ये आला आणि त्या दिशेने पुढे १९४० चा औषध कायदा झाला. आज आपल्या भांडारात येणाऱ्या प्रत्येक खोक्यावर बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि मुदत छापलेली असते आणि ती तपासूनच आम्ही माल ताब्यात घेतो. त्या शिस्तीचे मूळ या कायद्यात आहे. मापाचा आग्रह धरणारा संशोधक कायद्याच्याही उपयोगी कसा पडतो, याचे हे उदाहरण होय.

मुंबईतील कार्य : डॉ. रुस्तम जाल वकील

रक्तदाबावर त्या काळी काय उपाय होते, याची कल्पना यावी म्हणून एक प्रसंग सांगतो. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने निधन झाले. त्या दिवशी त्यांच्या डॉक्टरांनी नोंदविलेला रक्तदाब ३०० आणि १९० होता. एका महासत्तेच्या अध्यक्षाला देण्यासाठीही विश्रांती, अळणी आहार आणि काही जुजबी औषधे यांपलीकडे फारसे काही नव्हते.

अशा काळात मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. रुस्तम जाल वकील (१९११–१९७४) आपल्या रुग्णांना सर्पगंधेच्या मुळीच्या गोळ्या देऊन परिणाम टिपून ठेवत होते. विलायतेत उच्च शिक्षण घेऊन ते मुंबईस परतले होते. हृदयविकारतज्ज्ञ म्हणून त्यांचा लौकिक वाढत होता. तरी देशी मुळीकडे त्यांनी उपेक्षेने पाहिले नाही आणि अभिमानाच्या भरात तिचा गवगवाही केला नाही. दहा वर्षांच्या अनुभवानंतर ५० रुग्णांवरील निरीक्षणे त्यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केली. आधीचा रक्तदाब किती, नंतरचा किती, तक्रारी कोणत्या, हे सारे आकड्यांत मांडलेले असल्याने जगाला ते तपासून पाहता आले.

अमेरिकेत बोस्टन येथे डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी हे औषध आपल्या रुग्णांना देऊन पाहिले आणि त्याचा गुण तेथेही आढळला. डॉ. वकील यांना १९५७ मध्ये अमेरिकेतील मानाचे लास्कर पारितोषिक मिळाले आणि १९५८ मध्ये पद्मभूषण. या कामाला अवाढव्य यंत्रसामग्री लागली नव्हती. रक्तदाब मोजण्याचे साधे उपकरण, रोजची बाह्यरुग्ण तपासणी आणि नीट ठेवलेले कागद, एवढेच भांडवल होते. ते आपल्यासारख्या धर्मादाय रुग्णालयातही असते.

शुद्ध औषध आणि त्याची दुसरी बाजू

१९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी त्या चिकट भागातून शुद्ध घटक वेगळा केला. हाच रेसर्पीन. मुळीचे चूर्ण ग्रॅमच्या हिशेबाने द्यावे लागे. रेसर्पीनची रोजची मात्रा मिलिग्रॅमच्याही अंशावर आली. मुळीत घटकाचे प्रमाण जमिनीप्रमाणे आणि हंगामाप्रमाणे बदलते. शुद्ध औषधाची मात्रा ठरविता येते. १९५४ मध्ये न्यूयॉर्कनजीकच्या रॉकलंड मनोरुग्णालयातील डॉ. नेथन क्लाइन यांनी मनोविकारांवरील रेसर्पीनच्या उपयोगाचा अहवाल दिला. सेन आणि बोस यांनी नोंदविलेले दोन्ही गुण अशा रीतीने दोन खंडांत मान्य झाले.

लवकरच खर्चाची बाजूही दिसू लागली. काही रुग्ण अतिशय खिन्न होऊ लागले. नाक चोंदणे, सुस्ती आणि पोटाच्या तक्रारी तर अनेकांना होत्या. मोठ्या मात्रेत हातापायांचा ताठरपणा आणि कंपही आढळला. हे परिणाम डॉक्टरांनी लपविले नाहीत, छापले. म्हणून मात्रा उतरविता आली आणि कोणाला हे औषध देऊ नये, हे ठरविता आले. १९७४ मध्ये रेसर्पीनमुळे स्त्रियांत स्तनाचा कर्करोग वाढतो, अशी शंका तीन अभ्यासांनी व्यक्त केली. पुढील अभ्यासांत तिला पुष्टी मिळाली नाही. पण मधल्या काळात औषधाची पत गेली. खर्चाच्या बाजूला चुकीची रक्कम पडली तरी हिशेब बिघडतो, हाही धडा येथे मिळतो.

तुलनेचे महत्त्व : डॉ. एडवर्ड फ्रीस

औषधाने रक्तदाबाचा आकडा उतरतो, हे ठरले. परंतु आकडा उतरल्याने माणूस वाचतो काय? हा प्रश्न वॉशिंग्टन येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयातील डॉ. एडवर्ड फ्रीस (१९१२–२००५) यांनी हाती घेतला. अनेक रुग्णालयांच्या सहकार्याने त्यांनी रक्तदाबाच्या पुरुष रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले. एका गटाला रेसर्पीन आणि अन्य दोन औषधे दिली. दुसऱ्याला दिसायला तशाच, पण औषध नसलेल्या गोळ्या. १९६७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांचा खालचा रक्तदाब ११५ ते १२९ होता अशा १४३ रुग्णांपैकी औषध नसलेल्या गटात २७ जणांवर गंभीर आपत्ती आल्या; औषध घेणाऱ्या गटात केवळ दोघांवर. १९७० मध्ये सौम्य आणि मध्यम रक्तदाबाच्या ३८० रुग्णांचे निष्कर्ष आले. औषध नसलेल्या गटात या विकाराशी संबंधित १९ मृत्यू झाले, तर औषध घेणाऱ्या गटात ८.

रक्तदाबाचे औषध त्रास होत नसतानाही रोज का घ्यावे, या आपल्या बाह्यरुग्ण विभागात नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचे उत्तर या चार आकड्यांत आहे. हे यश तीन औषधांचे मिळून होते. एकट्या रेसर्पीनच्या खात्यावर ते जमा करता येणार नाही. डॉ. फ्रीस यांना १९७१ मध्ये लास्कर पारितोषिक देण्यात आले.

अनिष्ट परिणामातून नवे ज्ञान : डॉ. आर्व्हिड कार्लसन

सर्वांत उद्बोधक भाग पुढेच आहे. रेसर्पीनने माणूस मंद आणि ताठर का होतो? १९५५ मध्ये अमेरिकेतील बेथेस्डा येथे डॉ. बर्नार्ड ब्रोडी आणि सहकाऱ्यांनी दाखविले, की रेसर्पीनमुळे मेंदूतील सेरोटोनिनचा साठा रिकामा होतो. तेथे काही महिने काम केलेले स्वीडनचे डॉ. आर्व्हिड कार्लसन (१९२३–२०१८) मायदेशी परतले. रेसर्पीन आणखीही काही द्रव्यांचे साठे रिते करीत असावे, अशी त्यांची शंका होती. १९५७ मध्ये त्यांनी रेसर्पीनने निश्चल झालेल्या सशांना एल-डोपा हे द्रव्य टोचले. थोड्याच वेळात ससे हालचाल करू लागले. एल-डोपापासून शरीरात डोपामीन तयार होते आणि हालचालींसाठी मेंदूला डोपामीनची गरज असते, हे त्यातून पुढे उलगडत गेले.

१९६० मध्ये लंडनच्या एका परिसंवादात त्या काळच्या नामवंतांनी कार्लसन यांच्या म्हणण्यावर विश्वास ठेवला नाही. परंतु त्याच वर्षी व्हिएन्नाचे डॉ. ओलेह होर्निकीविच आणि त्यांचे सहकारी यांना कंपवाताने मृत्यू पावलेल्या रुग्णांच्या मेंदूत डोपामीन फार कमी आढळले. १९६७ मध्ये न्यूयॉर्कचे डॉ. जॉर्ज कोट्झियास यांनी एल-डोपाची मोठी मात्रा हळूहळू वाढवीत नेऊन कंपवाताचे रुग्ण चालते-फिरते करून दाखविले. कंपवातावर आजही मुख्य आधार याच औषधाचा आहे. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिकाचा एक वाटा मिळाला. सशांवरील प्रयोगाला तेव्हा ४३ वर्षे झाली होती. रेसर्पीनच्या खर्चाच्या रकान्यातील एक कलम नीट वाचले गेले, म्हणून एका निराळ्याच आजाराचे उत्तर सापडले.

आपल्यासाठी बोध

आज रेसर्पीन क्वचितच वापरले जाते. त्याहून सोयीची औषधे आली. सर्पगंधेचे चूर्ण स्वतःच्या मनाने कोणीही घेऊ नये. त्याची मात्रा घरी ठरविता येत नाही आणि अन्य औषधांबरोबर ते घातक होऊ शकते. अतितोडीमुळे ही वनस्पती रानातही दुर्मीळ झाली आहे.

वर उल्लेखिलेल्या संशोधकांचे देश, धर्म, स्वभाव आणि साधने निरनिराळी होती. समान होते ते एकच : औषधाने केलेले बरे आणि वाईट दोन्ही लिहून ठेवायचे आणि ते दुसऱ्याला तपासता येईल अशा रीतीने लिहायचे. भारतात २०१० पासून औषधांच्या अनिष्ट परिणामांची राष्ट्रीय स्तरावर नोंद घेणारी यंत्रणा कार्यरत आहे. तिच्याकडे जाणारी माहिती शेवटी आपल्यासारख्या रुग्णालयाच्या केसपेपरवरूनच निघते.

म्हणून आपल्या केसपेपरवर ‘औषधापासून झालेला त्रास’ असा स्वतंत्र रकाना छापून घेतला आहे. त्रास नसेल तर ‘नाही’ असे लिहावयाचे. रकाना कोरा सोडावयाचा नाही. खिडकीवरील कर्मचाऱ्याने तक्रार ऐकली तर ती तेथेच लिहून कागद डॉक्टरांकडे परत पाठवावयाचा, मग रांग कितीही लांब असो. छपाईचा खर्च किरकोळ आहे. वेळेचा मात्र नाही. गर्दीच्या दिवशी या नियमाचा कंटाळा येणार, हे आम्ही जाणतो. तेव्हा आमच्या कर्मचारी बंधुभगिनींनी त्या गृहस्थांची आठवण ठेवावी. ते आता फिजिओथेरपीसाठी आठवड्यातून दोनदा येतात. बोलता येत नाही. पण खिडकीपाशी आल्यावर डाव्या हाताने नमस्कार करतात.

वाचकांना आणि रुग्णांच्या नातेवाइकांना आमची नम्र विनंती एवढीच, की गोळीने त्रास झाला तर ती मनाने बंद करू नये. रुग्णालयात यावे, त्रास सांगावा आणि तो आपल्या कागदावर लिहिला गेला आहे याची खात्री करूनच घरी जावे. तो तुमचा हक्क आहे आणि तो लिहून घेणे हे आमचे कर्तव्य आहे.